नोकरीत असताना नजर अधू झाली, ऑफिस म्हणतंय स्वेच्छानिवृत्तीवर सही करा. मोफत कायदेशीर मदत कुठे मिळेल?

उंबरठा | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार. इथे आजवर नुसती वाचत होते, धागा काढायची पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत चालक आहेत. कायम नोकरी, बावीस वर्षं झाली. पाण्याचा टँकर चालवतात. दोनेक वर्षांपासून रात्रीचं नीट दिसत नव्हतं, आम्ही म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एकदा जेवताना मी डाव्या बाजूने वरणाची वाटी ठेवली आणि यांचा हात सरळ त्या वाटीत गेला. तेव्हा मात्र माझ्या पोटात धस्स झालं. तपासण्या केल्या, रेटिनायटिस पिगमेंटोसा निघाला. समोरचं दिसतं, वाचता येतं, मोबाईल वापरता येतो, पण बाजूचं काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं.

उगाच कोणाचा जीव जायला नको म्हणून यांनी स्वतःहून ऑफिसात सांगितलं. त्यांनी जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय मंडळापुढे पाठवलं. 'वाहन चालवण्यास अपात्र' असा दाखला आला. तेव्हापासून तीन महिने हे घरी. रोज जातात, पण हजेरीपटावर सही करू देत नाहीत. दोन महिने पगार नाही.

शुक्रवारी आस्थापना विभागात बोलावून टाईप केलेला अर्ज पुढे ठेवला. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने...' वगैरे. तारखेची जागा कोरी, आणि सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली. साहेब म्हणाले, "दिसत नाही त्या माणसाला आम्ही कुठे बसवायचं? सही केलीत तर पेन्शन तरी मिळेल. काढून टाकलं तर तीही जाईल."

एका वकिलांकडे जाऊन आलो. त्यांनी हायकोर्ट म्हणून सुरुवातीलाच चाळीस हजार सांगितले. सध्या घर माझ्या शिवणकामावर चाललंय. मोफत वकील मिळतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि सही करायची की नाही?

---

आवक_जावक | सोमवार, रात्री ११:०५

सही करू नका. बाकीचं उद्या सविस्तर लिहितो, पण हे आज रात्रीच वाचा. कुठल्याही कागदावर सही नको. 'नुसती पोच म्हणून करा' म्हणाले तरी नको.

---

सदूभाऊ | सोमवार, रात्री ११:३१

ताई, वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट सांगतो, ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नसेल तर हातात काही पडत नाही. माझ्या मेहुण्याला ३५ टक्के मिळाले, सगळ्या सवलती गेल्या. आधी टक्केवारी काढा, मग वकिलाचं बघा. नाहीतर पेन्शन घेऊन मोकळे व्हा, सरकारी यंत्रणेशी भांडून कोणाचं भलं झालंय?

---

काळी_शाई | मंगळवार, सकाळी ७:५०

मी वकिली करते, काही वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) वकिलांच्या यादीत, म्हणजे पॅनलवर होते. कोर्टात जायच्या आधी जेवढं होईल तेवढं लिहिते.

सदूभाऊ, ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आणि बऱ्याच योजनांना आहे, तुमच्या मेहुण्यांचं त्यात अडलं असेल. पण ताईंचा प्रश्न दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २०(४) चा आहे. त्या कलमात टक्केवारीचा शब्दच नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही आणि त्याची पदावनतीही करायची नाही, एवढंच ते म्हणतं. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. कुठलंच पद जमत नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीच्या पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीचं वय होईपर्यंत. 'सरकारी आस्थापना' या शब्दात स्थानिक स्वराज्य संस्था येतात, म्हणजे नगरपरिषद आलीच.

म्हणजे "कुठे बसवायचं" हे कोडं कायद्याने साहेबांना घातलंय. ते त्यांनी तुमच्या यजमानांच्या गळ्यात बांधलं.

आता पेन्शनची भीती. कुणाल सिंग नावाचे एक शिपाई होते, केंद्राच्या एका सशस्त्र दलात. कामावर असताना दुखापत झाली आणि पाय कापावा लागला. अपात्र ठरवून, पेन्शन देऊन घरी पाठवलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दिली म्हणून नोकरीचं संरक्षण संपत नाही. ते १९९५ च्या जुन्या कायद्याच्या कलम ४७ खाली होतं. तेच संरक्षण नव्या कायद्यात २०(४) म्हणून आलंय.

टक्केवारी काढायची नाही असं नाही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, आजच अर्ज करा, पुढे दहा ठिकाणी लागेल. पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राचा, रिपोर्ट जोडायला विसरू नका. कायद्याच्या परिशिष्टात दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर 'अल्पदृष्टी' आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर 'अंधत्व' धरलंय. समोरचं दिसतं, अक्षरं वाचता येतात म्हणून तुमच्या यजमानांना दिव्यांगत्व नाही असं कोणी म्हणेल, त्याला उत्तर या रिपोर्टात आहे.

मोफत वकिलाचं दुपारी लिहिते.

---

कडूकारलं | मंगळवार, सकाळी ९:१५

मोफत वकिलाबद्दल माझा अनुभव सांगतो, कोणाला राग आला तरी चालेल. आईच्या जागेच्या केसमध्ये घेतला होता. तीन तारखांना आलाच नाही. चौथ्या तारखेला आला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात मलाच विचारतो, "तुमची केस कुठली?" फाइल उघडलेलीसुद्धा नव्हती. फुकट ते पौष्टिक म्हणून जाऊ नका.

---

काळी_शाई | मंगळवार, दुपारी २:२०

@कडूकारलं, असं होतं, नाही म्हणत नाही. पॅनलवर सगळेच मन लावून काम करत नाहीत. पण असं झालं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी द्यायचं आणि वकील बदलून मागायचा. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. दिलेल्या केसवर लक्ष ठेवायला समितीही असते. तुम्ही अर्ज दिला होता का?

@उंबरठा, आता नीट वाचा. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत मदत कोणाला ते लिहिलंय: अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक आणि आणखी काही. उत्पन्नाची मर्यादा आहे, पण ती या गटांत न बसणाऱ्यांसाठी. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाचा दाखला मागत बसायचं कारण नाही. कोणी मागितला तर कलम १२ दाखवा.

अर्ज तुमच्या नावाने करू नका, यजमानांच्या नावाने करा. नोकरी त्यांची, तक्रार त्यांची. बायका पुढे होऊन स्वतःच्या नावाने अर्ज देतात आणि मग वकीलपत्रावर सही कोणाची यावर आठवडा जातो, हे मी किती वेळा पाहिलंय.

खिडकीवर साधा फॉर्म मिळतो. लिहायला अडचण असेल तर विधी स्वयंसेवक बसलेले असतात, ते लिहून देतात. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय घ्यावा असं नियम सांगतो. वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन, नकला यांचा खर्च प्राधिकरण करतं. पॅनलच्या वकिलाने तुमच्याकडे वरून काही मागितलं तर ते नियमबाह्य आहे. जाण्याआधी विचारायचं असेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.

---

आवक_जावक | मंगळवार, रात्री ९:४०

काल वचन दिल्याप्रमाणे. मी एका नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. टेबलाच्या त्या बाजूला एकतीस वर्षं बसलोय, त्यामुळे तिथे काय चालतं ते सांगतो.

ऑफिसात तोंडी बोललेलं नसतंच. "मी रोज जातो, सही करू देत नाहीत" हे तुम्हाला माहीत, त्यांना माहीत, पण फाइलला माहीत नाही. फाइलमध्ये काय असेल सांगू? 'सदर कर्मचारी दि. अमुकपासून विनापरवानगी गैरहजर.' उद्या हीच ओळ चौकशीत तुमच्यावर येईल.

म्हणून उद्या सकाळी एका कागदावर लिहा: मी आजही कामावर हजर झालो आहे, मला हजेरीपटावर सही करू दिली नाही, वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यानुसार मला कलम २०(४) प्रमाणे पर्यायी पद द्यावं, थकलेला पगार द्यावा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने. दोन प्रती. एक आवकला, म्हणजे आलेले कागद नोंदतात त्या खिडकीवर, द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्यायची. शिक्का गोल असो की चौकोनी, क्रमांक हाताने लिहिलेला हवाच, नुसत्या शिक्क्याला अर्थ नाही. 'साहेबांना विचारतो' म्हणाला तर वाद घालू नका. सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्ट करा, पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा.

दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज. वैद्यकीय मंडळाचा पूर्ण अहवाल, तुमच्या प्रकरणावरच्या सगळ्या टिपण्या, आणि रिक्त पदांचा तक्ता मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टिपणीत कुठला तरी कारकून खरं लिहून गेलेला असतो. 'कलम २०(४) तपासून पर्यायी पदाबाबत आदेश व्हावेत' असं मीच दोनदा लिहिलंय, आणि वरून 'चर्चा करा' असा शेरा आलाय. तो शेरा कोर्टात सोन्यासारखा.

---

रानहळद | बुधवार, सकाळी ८:१०

धागा वाचतेय, फार उपयोगी. अवांतर प्रश्न: मी खाजगी कंपनीत कंत्राटावर आहे. अपघातानंतर एका हाताची पकड गेली. टायपिंगसाठी आवाजावर चालणारं सॉफ्टवेअर मागितलं तर 'टीमचा वेग कमी होतो' म्हणून कंत्राट वाढवलं नाही. मलाही २०(४) लागतं का?

---

काळी_शाई | बुधवार, सकाळी ८:४५

@रानहळद, तुम्हाला २०(४) थेट लागणार नाही, ते सरकारी आस्थापनांसाठी आहे. पण पाटी कोरी नाही. 'वाजवी सोयीसुविधा' नाकारणं हा या कायद्याच्या व्याख्येतच भेदभाव आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार निकालात तो मुद्दा फार नीट मांडलाय. ते प्रकरण परीक्षेतल्या लेखनिकाचं होतं, पण तत्त्व तेच. कलम २१ प्रमाणे खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण करावं लागतं. ते धोरण ईमेलने मागा. बहुतेक ठिकाणी ते नसतंच, आणि 'नाही' असं लेखी आलं की तुमच्या तक्रारीचा पहिला परिच्छेद तयार. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. वेगळा धागा काढा, इथे ताईंचा विषय मागे पडेल.

---

उंबरठा | बुधवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे आभार. आता एक सांगायचं आहे, सांगताना लाज वाटतेय.

काल रात्री तुमचे सगळे प्रतिसाद यांना वाचून दाखवले. हे गप्प झाले. मग म्हणाले, "मी शुक्रवारीच सही केली." मला बोलले नव्हते. तारीख घातली नाही म्हणतात, पण सही केली. साहेबांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाले तुमच्या भल्याचंच सांगतोय. बावीस वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे केली होती, असं हे म्हणाले.

आता संपलं का सगळं?

---

आवक_जावक | बुधवार, दुपारी १:४२

नाही संपलं. आज ऑफिस सुटायच्या आत अर्ज मागे घेतल्याचं पत्र आवकला द्या. आजच. पहिलं पत्र तयार असेल तर दोन्ही एकदम.

---

काळी_शाई | बुधवार, दुपारी २:०५

लाज तुम्हाला का वाटावी? आधीच टाईप केलेला अर्ज, कोरी तारीख, सहीच्या जागी फुली, हे 'स्वेच्छेने' कसं होईल ते त्यांनी समजावून सांगावं.

स्वेच्छानिवृत्तीला सहसा तीन महिन्यांची नोटीस असते. ती तारीख उलटण्याआधी अर्ज मागे घेता येतो. 'त्याला आमची परवानगी लागते' असं ते म्हणतील. ती परवानगी सबळ कारणाशिवाय अडवून धरता येत नाही, हे १९८७ च्या बलराम गुप्ता निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. त्या निकालातला कर्मचारीही आधी अर्ज देऊन मग मागे घेणाराच होता.

पत्रात जास्त लिहू नका. अर्ज ऑफिसने तयार केला होता, परिणाम समजावले नव्हते, पगार बंद असताना दबावाखाली सही केली, मी तो अर्ज मागे घेत आहे, मला निवृत्त व्हायचं नाही. बास. साहेबांना शिव्या नकोत. पाठीवर हात ठेवला वगैरेही नको, ते प्रतिज्ञापत्रात घेऊ.

---

कडूकारलं | बुधवार, दुपारी ४:००

ताई, दिलं का पत्र? मी कडू बोललो काल, पण जा. आणि काळी_शाई, नव्हता दिला अर्ज सचिवांना. असा अर्ज असतो हेच माहीत नव्हतं.

---

उंबरठा | बुधवार, संध्याकाळी ६:२५

दिलं. आवकवरचा मुलगा शिक्का मारायला तयार नव्हता. हे खिडकीसमोरून हललेच नाहीत. मागे पाणीपट्टीवाल्यांची रांग लागली, लोक ओरडायला लागले, तेव्हा त्याने मारला. क्रमांक हाताने लिहून घेतला. फोटो काढून माझ्या, मुलीच्या आणि भावाच्या मोबाईलवर ठेवलाय.

---

सदूभाऊ | बुधवार, रात्री ८:१८

भारी! माझं आधीचं मत मागे घेतो, त्यालाही परवानगी लागते का बघा 🙂

पण एक शंका. हायकोर्ट म्हणजे मुंबईच्या चकरा. राज्य आयुक्तांकडे जाणं सोपं नाही का?

---

काळी_शाई | गुरुवार, सकाळी ७:४०

चकरा मुंबईच्या राहिल्या नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे वकील नसला तरी चालतं, साध्या अर्जावर तक्रार घेतात. कागद आणि साक्षीदार बोलावण्यापुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण शेवटी येते ती शिफारस. ऑफिसने तिच्यावर कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचं, मान्य नसेल तर कारण कळवायचं. कोर्टाच्या आदेशासारखी ती गळ्याशी येत नाही. बरीच ऑफिसं मात्र आयुक्तांची नोटीस आली की सरळ होतात.

त्याआधी आणखी एक पायरी आहे, ती लोक विसरतात. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. अधिकारी नेमलेलाच नसेल तर तेही लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर विधी सेवेच्या वकिलाकडून आधी नोटीस, सोबत आयुक्तांकडे तक्रार. अर्ज मागे घेणं नाकारलं किंवा निवृत्तीचा आदेश काढला, तर त्याच दिवशी रिटची, म्हणजे उच्च न्यायालयातल्या याचिकेची तयारी. उच्च न्यायालयासाठी वेगळा वकील लागतो. तो अर्जही तुमच्या जिल्हा प्राधिकरणातच द्या, ते पुढे पाठवतात.

---

उंबरठा | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:५५

उशीर झाला, माफ करा. मुलीची परीक्षा होती.

तालुका कोर्टातल्या समितीत गेलो. खिडकीवर एक वयस्कर विधी स्वयंसेवक होत्या. त्यांनी यांना हाताला धरून बसवलं नाही, "समोर पायरी आहे" एवढंच सांगितलं. हे बाहेर आल्यावर म्हणाले, बाई शहाणी आहे. सहाव्या दिवशी वकील मिळाले. तरुण आहेत, फाइल वाचून आले होते (कडूकारलं, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं). त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना नोटीस पाठवली. पुण्याला तक्रारही गेली. एक रुपया लागला नाही. झेरॉक्सचे मात्र आमचे गेले, कारण मी घाईने आधीच काढल्या होत्या.

माहिती अधिकाराचं उत्तर अजून यायचंय. पण काल बोलावणं आलं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज 'निकाली काढण्यात येत आहे' असं पत्र दिलं. आणि यांना पाणीपुरवठा विभागात तक्रार नोंदणीवर बसवलंय. हे खूश आहेत. कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह आहे हे यांना तोंडपाठ. पहिल्याच दिवशी फोनवर एका माणसाला सांगितलं, "तुमच्या मारुतीच्या देवळामागचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असणार, बघा." होता.

पगार मात्र आला नाही. आणि आदेशात 'तात्पुरती व्यवस्था म्हणून' असं लिहिलंय. वेतनश्रेणीचं काहीच नाही. सोमवारी रुजू अहवाल द्यायचा आहे. तसाच देऊ का?

---

काळी_शाई | शनिवार, रात्री १०:३०

तसाच देऊ नका. रुजू व्हा, पण अहवालात एक ओळ घाला: 'सदर आदेश कलम २०(४) खालील माझे हक्क राखून स्वीकारत आहे, मूळ वेतनश्रेणी, थकीत वेतन व कायम पदस्थापना यांबाबत स्वतंत्र आदेश व्हावेत.' पुण्याची तक्रार मागे घेऊ नका, कोणी गोड बोललं तरी. वकिलांना आदेशाची प्रत आजच पाठवा.

---

आवक_जावक | शनिवार, रात्री १०:४४

आणि सेवापुस्तक बघायला मागा. गेल्या तीन महिन्यांसमोर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. 'गैरहजर' असेल तर त्या नोंदीवर हरकत, वेगळ्या पत्राने. एका पत्रात दोन विषय घालू नका, दुसऱ्याचं उत्तर कधीच येत नाही.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी १२:१०

ओळ घातली. साहेबांनी दोनदा वाचली, काही बोलले नाहीत. सेवापुस्तकात पेन्सिलीने 'गैर.' लिहिलंय, शाईने नाही. दोन पत्रं दिली, दोन वेगळे आवक क्रमांक घेतले. या वेळी मुलाने न सांगता शिक्का मारला.